मोहरीएवढी गोळी

आमच्या सासरी वाईट स्वप्न पडलं की आधी गाय, मग चूळ, मग चहा. हा क्रम कोणी मोडायचा नाही. स्वप्न पडलेल्या माणसानं उठावं, कोणाशी चकार शब्द न बोलता गोठ्यात जावं, गाईच्या कानाशी तोंड न्यावं आणि जे दिसलं ते सगळं तिला सांगून टाकावं. वर मूठभर सरकी द्यावी, म्हणजे तिचे कष्ट फुकट जायचे नाहीत. मग ते स्वप्न गाईच्या पोटात गेलं, जिरलं, संपलं. आधी माणसाला सांगितलं तर मात्र ते खरं होतं, अशी पक्की समजूत. देऊळघाटाच्या अलीकडे आमचा मळा होता, माळ्यांची दोन-चार घरं जवळजवळ, आणि सगळ्यांच्याच गाई बिचाऱ्या बहुश्रुत होत्या.

माझं माहेर संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिकडे आम्ही पोरी चुलीपुढे बसून मायला स्वप्नं सांगायचो आणि ती भाकर थापता थापता "बरं, बरं" म्हणायची. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी उठल्या उठल्या सासूला म्हटलं, "आत्याबाई, मले सपनात..." तर तिनं पिठाचा हात तसाच माझ्या तोंडावर दाबला. "गप! अव माय, गप! गाईकडे जा आधी!" ओठांना ज्वारीचं पीठ घेऊन मी गोठ्यात गेले. राग असा आला होता की स्वप्नाच्या आधी सासूबद्दलच चार शब्द गाईला सांगितले. तिनं तेही ऐकून घेतले. त्या दिवसापासून आमची दोघींची गट्टी जमली.

आत्याबाईची स्वप्नं म्हणजे निव्वळ बाजार. शेजारणीची वांगी आपल्यापेक्षा मोठी झाली, बुलढाण्याच्या बाजारात मेथीची टोपली उलटली, मिरचीवर कीड पडली. एकदा दात पडल्याचं दिसलं तेव्हा मात्र ती गाईपाशी इतका वेळ बसली की धार काढायला उशीर झाला, कारण दात पडणं म्हणजे घरातलं माणूस जाणं. कोणी गेलं नाही. गाईनं काम चोख केलं, असं आत्याबाई पुढे कितीतरी दिवस सांगत होती.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, स्वप्नं पडतच नसत. ते अफू खायचे.

आता हा शब्द मी बोलले की माझी नातसून डोळे मोठे करते. ती पुण्याची. तिला माझं सगळंच बोलणं गावंढळ वाटतं, त्यात हे! पण तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, राज्य इंग्रजाचं, आणि अफू ठेक्यावर दिवसाढवळ्या मिळायची. बुलढाण्याला भाजी विकली की येताना मीठ, गुळ, घासलेट आणि मामाजींची अफू, असं सामान यायचं. त्याला व्यसन म्हणायचं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. "मामाजीची सवय" म्हणायचो, बस.

दिवेलागणीला ते ओसरीवर बसत. पितळेची एक डबी होती, तिच्यातून काळा चिकट तुकडा काढून दोन बोटांत वळत. तुरीच्या दाण्याएवढी गोळी झाली की गुळाच्या खड्यात दाबून गिळत, आणि वर कानतुटक्या कपातून चहा. त्या वेळी त्यांचा चेहरा बघावा! दिवसभर मोट हाकून ताठलेली मान सैल पडायची, कपाळावरच्या आठ्या उतरायच्या, आणि मग ते बैलांशी, कुत्र्याशी, आत्याबाईशीही गोड बोलायचे. मला ती वेळ फार आवडायची. चुलीवर भाकर फुगलेली, बाहेर ओल्या वाफ्यांचा गारवा, आणि घरात कोणी कोणावर ओरडत नाही. सुख म्हणतात ते याहून निराळं असतं असं मला अजूनही वाटत नाही.

माझ्याशी मात्र ते बोलत नसत. तशी रीतच होती. सुनेनं सासऱ्यापुढे पदर ओढून बाजूला व्हायचं, काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं. "आंघोळीचं पाणी निघालं म्हणा" असं मी भिंतीला म्हणायची आणि मामाजी भिंतीला "हाव" म्हणायचे. एकदा ते गोठ्यात वैरण टाकत होते आणि त्यांच्या धोतरावरून विंचू चढत होता. आता भिंत कुठे शोधू? मी गाईलाच ओरडून सांगितलं, "अव माय, मामाजीच्या धोतरावर इच्चू हाय वं!" मामाजींनी उडी मारली ती थेट उकिरड्यावर. आत्याबाई पोट धरधरून हसली. माझे मालक नांदुऱ्याला कापसाच्या जिनात कामाला होते, सणावाराला यायचे. त्यांना तिनं ही गोष्ट सांगितली ती साभिनय, विंचवासकट.

मग मला मुलगी झाली. गोरी नाही, देखणी नाही, पण आवाज असा की विहिरीपलीकडच्या घरातून विचारायला यायचे, "काय झालं वं?" काही झालेलं नसायचं. तिला भूक लागलेली असायची, नाहीतर कंटाळा आलेला.

ती रांगायच्या बेताला आली आणि आत्याबाईनं वेचणीचा विषय काढला. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटायचा आणि सगळ्या बाया वेचायला वावरात जायच्या. तान्हं लेकरू असलं तर बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधायची, लेकराला त्यात निजवायचं आणि त्याआधी अंगठ्यावर दुधात अफूचा कण कालवून त्याच्या टाळूला चाटवायचा. मोहरीएवढा. मग लेकरू सकाळपासून उन्हं कलेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. सगळ्याच करायच्या. माझ्या मायनं आम्हा भावंडांना चाटवली, तिच्या मायनं तिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मान डोलावली.

ओसरीवरून आवाज आला, "या पोरीले देऊ नका."

आत्याबाईच्या हातातलं सूप थांबलं. "काऊन?"

"देऊ नका म्हटलं ना."

"अन् दिवसभर हे भोंगा वाजवून राह्यली त कापूस कोण वेचन? तुम्ही? साऱ्या जगाचे लेकरं झोपते, आपलीच काय आभाळातून पडली? मले दिली, तुमच्या लेकाले दिली. काय झालं त्याले? घोड्यावानी हाय."

 मामाजींची गोळी तेव्हा बोटांतच होती. आत्याबाईचं लक्ष तिकडे गेलं आणि तिचा आवाज चढला. "सोता रोज खाता अन् लेकराच्या मोहरीवर नजर ठेवता! इतकी वाईट हाय त तुम्ही सोडा आधी. तुम्ही सोडली त मीबी नाही देत. घ्या!"

तिला वाटलं, आता हे काय बोलणार. सारा जन्म ज्यानं खाल्ली तो म्हातारा सोडतो काय! मलाही तसंच वाटलं. पण मामाजींनी ती गोळी गुळात न दाबता परत डबीत टाकली, थोड्या वेळानं पुन्हा काढली, अर्धी तोडली आणि अर्धी खाल्ली. म्हणाले, "कापूस फुटायच्या आत सोडतो."

खरं सांगते, त्या संध्याकाळपर्यंत मला गोळीचं काही वाटत नव्हतं. पण एकदा कोणी नको म्हटल्यावर मी पाहू लागले. शेजारच्या घरी माझ्या पोरीच्याच वयाचं लेकरू होतं. त्याला रोजच चाटवायचे, वेचणी असो नसो. ते पडल्या जागी पडून असायचं, डोळे अर्धे उघडे, माशी ओठावर बसली तरी हात हलवायचं नाही. "लय गुणाचं लेकरू" म्हणायचे सगळे. मी घरी आले, माझी बया पाळण्यात पाय आपटून बोंबलत होती, आणि मला तिच्या त्या बोंबलण्याचं असं काही प्रेम आलं की मी रडले. तेव्हापासून माझा जीव मामाजींच्या डबीत अडकला. त्यांनी सोडली तर माझी पोर वाचली. नाही सोडली तर आत्याबाई बोलल्याप्रमाणे करणार, आणि तिच्यापुढे माझं काय चालणार होतं?

तुरीची गोळी मुगाएवढी झाली. मामाजींच्या नाकाडोळ्यांतून पाणी गळू लागलं, जांभयांवर जांभया, पोट बिघडलेलं, मांड्यांत गोळे. मोटेवर उभे राहिले की पाय लटपटायचे. चिडचिड तर अशी की बैलानं शेपूट हलवली तरी शिव्या. मी ओवा भाजून ठेवायची, पाणी कढत करायची, चहात आलं घालायची आणि भिंतीला सांगायची. आणि गंमत पाहा, आत्याबाई दिवसभर "पाहतो न मी किती दिवस टिकता" म्हणायची, आणि तीच दुपारी त्यांच्या पायांना तेल लावून रगडत बसायची. त्यांनी हरावं असं तिला वाटायचं, पण त्यांचं दुखणंही तिला पाहवायचं नाही. बाईचं मन एका दिशेनं कधी जातं का!

मुगाची गोळी आणखी घटली तेव्हा मामाजींना स्वप्नं पडू लागली. आयुष्यभराची थकबाकीच जणू. उजाडतं न उजाडतं तोच ते गोठ्यात यायचे. मी तेव्हा गाईच्या पलीकडे शेण भरत असायची. त्यांना मी दिसायची नाही, दिसले तरी ते पाहायचे नाहीत. मी कान बंद करून घ्यायला हवे होते म्हणा. पण कान काय दार आहेत बंद करायला?

सुरुवातीची स्वप्नं ऐकून मला हसू दाबावं लागायचं. वांग्यांना दात फुटले आणि ती एकमेकांना खात सुटली. बैल मोट ओढता ओढता थांबला आणि ठेकेदाराच्या आवाजात "आज दुकान बंद" म्हणाला. मेलेला बाप ओसरीवर येऊन बसला आणि "माह्यी गोळी कोठी ठेवली बे?" म्हणून डबी धुंडाळू लागला. मामाजी हे सगळं गाईला अगदी काकुळतीनं सांगायचे, सरकीची मूठ तिच्यापुढे धरायचे आणि जरा हलके होऊन परत जायचे.

गोळी मोहरीएवढी झाली आणि स्वप्नं बदलली. बदलली म्हणजे एकच राहिलं. पांढरंफेक वावर, नजर पोचेल तिथवर कापूस. बांधावर बाभूळ, बाभळीला झोळी. वारा नाही तरी झोळी हलते आहे. मामाजी ओटीत कापूस घेऊन तिकडे जातात, आणि जितके चालतात तितकी झोळी लांब जाते. शेवटी हात पोचतो. इतकं सांगितलं की ते थांबायचे. पुढचं गाईलाही सांगायचे नाहीत. सरकी तिच्यापुढे टाकून निघून जायचे. रोज हेच. मला हसू यायचं बंद झालं.

आणि नेमकी त्याच दिवसांत गाय आटली. धार काढायला बसावं तर तळ झाकेल न झाकेल एवढंच दूध. आत्याबाईनं चरवीत पाहिलं, मामाजींकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "भरा! भरा अजून तिच्या कानात! तिच्या पोटात किती मावन? तुमच्या सपनानं दूध सुकवलं तिचं!"

आता गाय गाभण होती. हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक, मामाजींना तर दिवससुद्धा ठाऊक. गाभण गाय आटणार नाही तर काय करणार? पण त्या क्षणी आम्हा तिघांपैकी एकालाही ते सुचलं नाही. मला शपथ घालून विचारा, मलाही खरंच वाटलं की ती काळी स्वप्नं मुक्या जनावराला बाधली. मामाजींच्या चेहऱ्यावर तर चोरी पकडल्यासारखं झालं. त्यांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला, "चुकलं वं माय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात पाऊल टाकलं नाही.

मग ते स्वप्न त्यांच्यातच साचू लागलं. बोलणं बंद, जेवण बंद. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि ताटात तसाच ठेवायचा. मोटेला माझ्या चुलत दिराला उभं करावं लागलं. वावरात पहिली बोंडं तडकल्याची खबर आली. आत्याबाईनं झोळीचं लुगडं धुवून वाळत घातलं.

त्या दिवशी बाजार होता. आत्याबाई टोपली घेऊन बुलढाण्याला गेली होती. दुपारी मी पोरीला निजवून बाहेर आले तर मामाजी ओसरीवर डबी उघडून बसलेले. तळहातावर मोहरीएवढी गोळी होती आणि दुसऱ्या हातानं ते डबीतून मोठा तुकडा तोडत होते. तुरीएवढा. तुकडा सुटून डबीत पडायचा, ते पुन्हा तोडायचे.

मी भिंतीला काही म्हणायला तोंड उघडलं. "मामाजीले म्हणा..." पण भिंतीला काय सांगणार? भिंत काय करणार होती? मी डोक्यावरून पदर आणखी खाली ओढला, उंबऱ्यावर त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "मामाजी, गाय थकली. मले सांगा."

 माझे कान तापले होते. जन्मात पहिल्यांदा मी सासऱ्याला थेट हाक मारली होती, मला वाटलं आता ते उठून जातील.

"माणसाले सांगितलं त खरं होते बाई," ते म्हणाले.

"होऊ द्या. मी पाहून घेईन."

तेव्हा मागून एक विचित्र आवाज आला. हसले की हुंदका दिला ते कळलं नाही. म्हणाले, "काय पाहून घेशीन तू? ते खरंच हाय. झालं हाय ते."

मग त्यांनी सांगितलं. माझ्या मालकांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. माझ्या पोरीसारखीच रडकी. दोघं नवरा-बायको वेचायला गेले होते. झोळीत ती किंचाळत होती, थांबेना. मामाजींनी गोळी वळली. आत्याबाई तेव्हा विशीतलीही नसेल, ती म्हणाली, एवढी कायले, मोहरीएवढी बस. मामाजी म्हणाले, लय रडून राह्यली, जरासक मोठी राहू दे. तिनं अंगठ्यावर कालवून चाटवली. पोर झोपली. किती छान झोपली म्हणून दोघांनी मन लावून कापूस वेचला. उन्हं कलल्यावर मामाजी झोळीपाशी गेले.

"मी वळली," ते म्हणाले. "तुह्या सासूनं चाटवली. तिच्या अंगठ्यानं. त्या दिवसापासून आम्ही दोघंबी त्या पोरीचं नाव नाही काढलं. तिनं नाही, मीनं नाही. मले झोप लागे ना, कोणीतरी म्हटलं खा जराशी, मंग झोप लागते. लागली. आतापावतर लागली."

मी पाठ करून बसले होते ते बरं झालं. माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

आणि त्याच वेळी मला आत्याबाईचा हट्ट कळला. मी तिला मनातून काय काय म्हणत होते! पण तिनं दुसरं करावं तरी काय? गोळी वाईट असं एकदा कबूल केलं की ती पोर तिच्या अंगठ्यावरून गेली. गोळी चांगली, सगळ्या देतात, लेकरं घोड्यासारखी होतात, असं म्हटलं तर देवानं नेली. म्हणून तिनं आपल्या मुलालाही चाटवली असेल, छातीवर दगड ठेवून, आणि तो सुखरूप उठला की दरवेळी तिला सुटल्यासारखं वाटलं असेल. मला तिची इतकी कीव आली की काय सांगू.

"हे मोहरीएवढं तोंडात जात नाही बाई," मामाजी म्हणाले, "अन् हातातून सुटतबी नाही."

मी मागे न पाहता हात पुढे केला. पुढे कसला, मागे केला, त्यांच्याकडे. सासऱ्याच्या हाताला सुनेचा हात लागायचा नाही, पण आता बोललेच होते, तेव्हा राहिलं काय? त्यांची बोटं आली आणि माझ्या तळव्यावर तो कण चिकटला. मग डबीही आली. मी उठून आत गेले आणि दोन्ही चुलीत घातलं. डबीसकट. चांगली पितळेची डबी होती, पण त्या वेळी अक्कल चालली नाही.

अफू जळली की वास येतो, कडू-गोड, घरभर पसरतो. आत्याबाई बाजारातून आली ती दारातच थबकली. टोपली उतरवली नाही. "चुलीत काय जाळलं वं?"

"काही नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ओसरीवर आडव्या झालेल्या मामाजींकडे. ते झोपले होते. दुपारच्या उन्हात तोंड उघडं टाकून, घोरत. आत्याबाई टोपली ठेवून चुलीपुढे बसली आणि राखेत काठी घालून बसून राहिली. त्या संध्याकाळी भाकरी मी केल्या. ती जेवलीही नाही.

मामाजींचे पुढचे दिवस काही सोपे गेले नाहीत. अंग दुखायचं, झोप तुटायची, स्वप्नंही पडायची. पण ते ओसरीवर येऊन बसत, मी उंबऱ्यावर पाठ करून बसे आणि ते सांगत. सरकीऐवजी मला काय द्यायचं हे त्यांना सुचलं नाही, म्हणून एक दिवस त्यांनी मळ्यातली कोवळी काकडी आणून माझ्या बाजूला ठेवली. चहा मात्र सुटला नाही. उलट वाढला. दिवेलागणीला दोन कप लागायचे, गुळाचा पाक असावा इतका गोड, आणि आत्याबाई कुरकुर न करता दोन्ही वेळा करून द्यायची.

वेचणीला आम्ही गेलो तेव्हा तिनं धुतलेलं लुगडं घेतलं होतं आणि कमरेची चंचीही. मामाजींनी सोडल्याला ती हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. बोलली होती, मी नाही देत म्हणून, पण बोललेलं पाळेल का, की चंचीत काही असेल, मला काही कळायला मार्ग नव्हता. विचारायची छाती झाली नाही. रस्ताभर मी पोरीला घट्ट धरून चालले.

झोळी बांधली. पोरीला आत ठेवलं. मी ओटी खोचून तासाला, म्हणजे कापसाच्या ओळीला, लागले. पांढरा कापूस, कोरडी पानं, बोंडाची टोकं नखांत घुसत होती, आणि थोड्याच वेळात माझ्या लेकीनं सूर लावला. आधी कुरकुर, मग रडणं, मग ती तिची खास किंकाळी. बाजूच्या तासातल्या बायांनी मान वर केली. एक म्हणाली, "चाटव न वं तिले." दुसरी म्हणाली, "कान किटले बाप्पा! अन् तिची बुढी कोठी गेली?"

बुढी झोळीपाशीच उभी होती. तिचा हात कमरेच्या चंचीवर होता. मी वेचायचं विसरले. माझ्या ओटीतला कापूस सांडत होता तो मला समजलाही नाही. ती झोळीत वाकली, बराच वेळ वाकूनच राहिली, आणि मी धावले. बोंडांचे ओरखडे पायांना, पदर झाडात अडकलेला, मी तशीच धावले.

जवळ गेले तर चंची बंद होती. आत्याबाईनं पोरीला उचलून छातीशी घेतलं होतं. पोर लालबुंद होऊन तिच्या कानातच किंचाळत होती, आणि आत्याबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी हात पुढे केले, "द्या आत्याबाई, मी घेते, उगी करते तिले."

तिनं दिली नाही. आणखी घट्ट धरली.

"राहू दे," ती म्हणाली. "उगी करू नको. रडू दे तिले. माह्यी त्या दिवशी मंग पुन्हा रडलीच नाही."